जसंच्या तसं

तिच्या तोंडून भलताच प्रश्न बाहेर पडला, आणि तो बाहेर पडल्यावरच तिला कळलं की आपण भलतं बोललो. वर्गात हे कळण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. समोर अर्धगोलात खुर्च्या मांडून बसलेल्या मुलांना ऐकू येत नव्हतं, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुण वकिलाला ऐकू येत असलं तरी हातांची भाषा येत नव्हती. दोघांच्या मधे ती. वकील बोलला की तिने ते हातांनी मुलांपर्यंत पोचवायचं, मुलांचे हात हलले की तिने ते तोंडाने वकिलापर्यंत पोचवायचं. कर्णबधिर मुलांच्या या शाळेत ती कित्येक वर्षं हेच काम करत होती. तिचं कौतुक करताना लोक हटकून एकच गोष्ट सांगायचे, की बाई मधे आहेत हे लक्षातसुद्धा येत नाही. आज ती मधे होती. बंद होणाऱ्या दारात पाय अडकावा तशी मधे होती.

वकील दर आठवड्याला यायचा, फुकट यायचा आणि मनापासून शिकवायचा. पोलिसांनी नेलं तर का नेलं ते त्यांना सांगावं लागतं, समजून घेतल्याशिवाय कशावरही सही करायची नसते, बहिरा म्हणून कुणी दुकानातून हाकललं तर ते मुकाट्याने सोसायचं नसतं, असं काय काय. बोलताना तो सारखा चष्मा वर सरकवायचा, म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'चष्मा' ठेवलं होतं. बोट नाकापाशी नेऊन वर ढकललं की झाला वकील. ते कळल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःची ओळखही तशीच करून द्यायला लागला. आजचा विषय जबाबाचा होता. पोलिसांपुढे, कोर्टापुढे तुम्ही तुमच्या भाषेत बोला, तो म्हणाला, दुभाषी मागणं हा तुमचा हक्क आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. हे हातांनी सांगताना तिला बरं वाटत होतं, जराशी ऐटही वाटत होती, कारण तो जिच्याबद्दल बोलत होता ती बाई म्हणजे तीच. तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून भुवई उठली. या मुलीची एक भुवई लहानपणी पडून मधोमध तुटलेली, म्हणून शाळेत तिचं नाव भुवई. मध्यंतरी बरेच महिने ती शाळेत नव्हती. रस्त्यात टेम्पोने उडवलं होतं, पायात सळई घातली होती, आणि अजून ती किंचित लंगडायची. मुळात फारसं न बोलणारी पोर. तिने हात वर घेतले आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून विचारलं, "मी हातांनी बोलते. मधला माणूस तोंडाने बोलतो. तो माझंच बोलला, हे मला कसं कळणार?"

आणि ती वकिलाला म्हणाली, "ती विचारतेय, मधला माणूस कुठे मिळतो, हे आम्हाला कसं कळणार?"

वकिलाने भरभरून उत्तर दिलं. अर्ज कुठे करायचा, नाव कुणाकडे नोंदवायचं, कुणी दाद दिली नाही तर पुढे कुणाला गाठायचं. तिने ते उत्तर मुलांना अगदी इमानाने सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकं इमानाने सांगता येतं याचं तिलाच आश्चर्य वाटलं. भुवईने शेवटपर्यंत बघितलं. मग हातांवरची नजर काढून तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, जरा वेळ बघत राहिली, आणि खाली बसली. तास पुढे सरकला.

तिने हे ठरवून केलं नव्हतं, पण तेवढ्याने सुटका होत नव्हती. शाळेतून निघाल्यावर बसथांब्यावर उभं न राहता ती चालतच निघाली. पोरीच्या हातांची शेवटची खूण संपली आणि आपलं तोंड उघडलं, त्या मधल्या फटीत काय घडलं ते ती आठवायला बघत होती. फट एवढीशी होती, डोळ्याची पापणी लवण्याइतकी, पण तिच्यात कुणीतरी बसलेलं होतं. ते कुणीतरी फार जुनं होतं, फार सराईत होतं, आणि त्याने पोरीचा प्रश्न हातात घेऊन त्याची टोकं बोथट करून पुढे सरकवला होता. वकिलाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून? की स्वतःला? फुटपाथवरच्या चाव्या करणाऱ्याच्या यंत्राचा कर्र आवाज झाला आणि तिच्या दातांतून कळ गेली. इतक्या वर्षांत असे किती प्रश्न आपण घासून गुळगुळीत केले असतील. ज्यांचे होते त्यांना पत्ता नाही, आणि आपल्यालाही नाही.

तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील छापखान्यात होते. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटाने बाकीच्या कामगारांचं डोकं उठायचं, वडील मात्र शांतपणे काम करून हसतमुख घरी यायचे. या घरात ही ऐकणारी मुलगी जन्माला आली. पाळण्याशी थाळी वाजवल्यावर ती दचकली, तेव्हा शेजारणीने आईवडिलांना खूण करून सांगितलं की हिला ऐकू येतं, आणि वडिलांनी तिथल्या तिथे तिचं हातांचं नाव ठेवलं, कान. आईने कानाच्या पाळीला बोट लावलं की ती धावत यायची. थोडी मोठी झाली तेव्हा विजेच्या ऑफिसातल्या खिडकीशी टाचा उंच करून उभी राहायची, दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाशी हनुवटी टेकवून उभी राहायची, स्वतःच्या शाळेत स्वतःचीच गाऱ्हाणी स्वतःच आईवडिलांना सांगायची. एकदा तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, ही वर्गात अखंड बडबड करते आणि गणितात शून्य आहे. तिने हातांनी सांगितलं, बाई म्हणतात मुलगी हुशार आहे, सगळ्यांना मदत करते. घरी जाताना वडिलांनी तिला दुकानातून लाल रिबन घेऊन दिली. ही गोष्ट ती मोठेपणी मैत्रिणींना हसत हसत सांगायची. घरमालकाची गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. तो दारात उभा राहून बोलत होता, भाडं वेळेवर मिळूनसुद्धा बोलत होता, कारण त्याला खोली दुसऱ्या कुणाला द्यायची होती. मुक्यांना घर दिलं हीच चूक झाली, जनावरं परवडली, निदान ओरडून तरी सांगतात. वडिलांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या: काय म्हणतायत? तिने हातांनी सांगितलं, तुमची तब्येत कशी आहे विचारतायत. आणि वडील मान लववून हसले. छान, साधं, ओळखीचं हसू. ते हसू गेली चाळीस वर्षं तिच्या पोटात कुठेतरी खडा अडकावा तसं अडकून होतं. त्या माणसापुढे आपण वडिलांना हसायला लावलं.

ती घरी पोचली तेव्हा उजेड अजून होता. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच राहायची. तिने बेलचं बटण दाबलं. आत घंटेऐवजी दिव्याची उघडझाप होते, ती बघून आईने दार उघडलं. आई मटार सोलत होती, ती परत स्वयंपाकघरात जाऊन सोलायला बसली. तीही आईसमोर बसली आणि शेंगा ओढून घेऊन सोलायला लागली. दोघींचे हात कामात असले की या घरात शांतता असते. बोलायचं तर शेंग खाली ठेवावी लागते. आईने शेंग खाली ठेवली.

"आज तुझा चेहरा घरमालकाच्या वेळेसारखा झालाय," आई हातांनी म्हणाली.

तिच्या हातातली शेंग उकलायची राहिली. कुठला घरमालक, तिने विचारलं. आईने दारात उभं राहून छाती काढणाऱ्या माणसाची इतकी हुबेहूब नक्कल केली की तो टेबलाशी येऊन उभा राहिल्यासारखा वाटला. मग आई म्हणाली, "तू म्हणालीस, तब्येत विचारतोय. तब्येत विचारताना कुणाची थुंकी उडते का?"

"तुम्हाला माहीत होतं."

"सगळं नाही. पण तुझे हात एक सांगायचे आणि चेहरा दुसरं. हातांचं आम्ही कशाला खरं मानू?" शाळेतल्या बाई रागावल्या होत्या हेसुद्धा माहीत होतं, आईने पुढे सांगितलं, बोट नाचवून कुणी कौतुक करतं का. रिबन घ्यावी की नाही यावर नवरा-बायकोचं रस्त्यातच भांडण झालं होतं, आणि लेकीला वाटत होतं की आईवडील तिच्या हुशारीबद्दल बोलतायत म्हणूनच तिच्याकडे पाठ करून हात हलवतायत.

तिला हसू आलं. मग बाबा का हसले, तिने विचारलं. घरमालकाकडे बघून का हसले.

"त्याच्याकडे बघून कुठे हसले? तुझ्याकडे बघून हसले. एवढीशी पोर, भीतीने पांढरी पडलेली, आणि हात मात्र सरळ चालवत होती."

एवढ्यावर आई थांबली असती तर बरं झालं असतं. पोटातला तो खडा विरघळायला लागला होता, आणि तो तसाच विरघळून जावा असं तिला वाटत होतं. पण आईने आणखी एक शेंग उकलली, दाणे वाटीत पाडले, आणि पुन्हा हात मोकळे केले. "त्यांना राग नव्हता. मला होता. मला त्या माणसाला तोंडावर शिवी द्यायची होती. तू दिली नसतीस. तेव्हा कुणाला सांगणार? तोंड तुझ्याकडे होतं." हे सांगताना आईचा चेहरा शांत होता, तक्रार नव्हती, जुन्या हवेबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. तुला बोललो असतो तर तू पुन्हा मधे उभी राहिली नसतीस, आई म्हणाली, आणि आम्हाला कुणीतरी लागत होतं. मग तिने सालं गोळा केली आणि डब्यात टाकायला उठली. लेक मात्र बसून राहिली. वडिलांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले होते की आता हातात काही नाही, आणि तिने आईला सांगितलं होतं, सुधारणा आहे, वेळ लागेल. त्याच दिवशी आईने वडिलांच्या बहिणीला बोलावून घेतलं होतं, आणि बहीण आल्यावर दोघी बराच वेळ वडिलांचे पाय चेपत बसल्या होत्या. इतकी घाई कसली, असं तिला तेव्हा वाटलं होतं. म्हणजे आईला तेव्हाच कळलं होतं, आणि तिने निरोप लेकीला न कळवता घेतला. लेकीला खोटेपणा पुरा करता यावा म्हणून, रडायचं असेल तेसुद्धा तिच्यापासून चोरून. तिला वाटत आलं होतं की आपण या दोघांना जगापासून सांभाळलं. सांभाळलं होतंही. पण त्या सांभाळण्याच्या आतल्या बाजूला एक बाई इतकी वर्षं शिवी गिळून बसली होती, आणि ती बाई आता ओट्यापाशी उभी राहून मटार धूत होती.

पुढच्या आठवड्यात वकील आला, चष्मा वर सरकवून त्याने मुलांना हसवलं, आणि तो बोलायला सुरुवात करणार एवढ्यात तिने त्याला थांबवलं. आधी तिने मुलांना हातांनी सांगितलं आणि मग तेच वकिलाला तोंडाने, की मागच्या वेळी भुवईने विचारलेलं मी तुमच्यापर्यंत पोचवलं नाही, भलतंच सांगितलं. मग प्रश्न सांगितला, जसाच्या तसा. सांगताना तिला आपला आवाज अनोळखी वाटला. एरवी ती दुसऱ्याचं बोलताना आवाज मऊ करते, तो मऊपणा काढून टाकल्यावर खाली असा आवाज होता हे तिला माहीत नव्हतं. मुलं भुवईकडे वळून बघायला लागली. भुवई उठली. "मला माहीत होतं," तिने सांगितलं, "उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं." तिच्यात राग दिसत नव्हता. तिने बाईंकडे नीट बघून घेतलं, एखादी पायरी भक्कम आहे का ते पाय टेकवून बघावं तसं, आणि मग बाकीचं सांगितलं. ती शिकायला काकांकडे राहायची. टेम्पोने उडवल्यावर दवाखान्यात पोलीस आले, घरात तिच्या खुणा थोड्याफार कळणारे म्हणून काका मधे बसले. टेम्पो काकांच्या ओळखीतल्या माणसाचा होता, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. "मी खूप वेळ बोलले," तिचे हात म्हणाले, "टेम्पो कुठून आला, मी कुठे उभी होते, सगळं. काका थोडंसं बोलले. पोलिसाचं पेन त्याहून थोडं चाललं." नंतर वडिलांना कळलं की मुलगीच धावत मधे आली असं लिहिलंय, आणि तिने आपण होऊन तसं कबूल केलंय. काका आता तिच्याशी फार चांगले वागतात, भुवईने सांगितलं, आणि ही खूण करताना तिचा चेहरा असा काही झाला की त्या चेहऱ्याचं तोंडाने काय करावं ते बाईंना कळेना. तेव्हा तिने वकिलाला सांगितलं, "ती म्हणतेय, काका आता चांगले वागतात. आणि हे म्हणताना तिला शिसारी येतेय."

वकिलाने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला की हा प्रश्न त्याच्या कधी डोक्यातच आला नव्हता, आणि त्याची त्याला लाज वाटते. हेसुद्धा तिने मुलांना सांगितलं; मुलांनी वकिलाला लाजताना पहिल्यांदाच बघितलं आणि सगळी एकदम सरसावून बसली. नवा जबाब देता येईल, वकील म्हणाला. आणि जे लिहिलं जाईल ते सहीच्या आधी तिच्या भाषेत तिला पुन्हा सांगा, असा आग्रह धरता येतो, चुकलं असेल तर बदलून घेता येतं. भुवईने विचारलं, मधे कोण बसणार. वकिलाने अर्थातच शेजारी हात केला. भुवईने विचार केला आणि सांगितलं, "बाई बोलू देत. पण लिहिलेलं मला त्यांनी सांगायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. चित्रकलेच्या बाईंनी." चित्रकलेच्या बाई स्वतः बहिऱ्या होत्या, खूप वाचणाऱ्या होत्या, आणि इतक्या कडक होत्या की त्यांचं नाव काढताच मुलांनी पाठी ताठ केल्या. हे सगळंही तिला तोंडाने वकिलाला सांगावं लागलं, म्हणजे माझ्यावर हिचा पुरता विश्वास नाही, हे तिचं तिलाच बोलावं लागलं. बोलताना लागलं. इतकी वर्षं काम करूनही लागलं. तरी तिने ते गाळलं नाही.

पोलीस ठाण्यातली खोली अरुंद होती, भिंतीला ओल आलेली, टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी. हवालदार साधा माणूस होता. त्याने पंखा मुलीच्या दिशेने वळवून दिला. भुवईचे वडील गावाहून आले होते. त्यांना लेकीच्या भाषेतले जेव, झोप, इकडे ये एवढेच शब्द येत होते, आणि ते तिच्यामागे मान खाली घालून बसले होते, कारण काका म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ, ज्याने त्यांना वाढवलं होतं. वकील दाराशी उभा होता. भुवई हातांनी बोलायला लागली आणि ती ते तोंडाने हवालदाराला सांगायला लागली. असं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. पोरीचा प्रत्येक शब्द ती तळहातावर पाणी न्यावं तशी नेत होती. टेम्पो उलट्या बाजूने आला. मी कडेला उभी होते. मी धावले नाही. हवालदाराचं पेन चालत होतं, मधे थांबत होतं, पुन्हा चालत होतं, आणि भुवई त्या पेनावरून नजर काढत नव्हती. संपलं तेव्हा बाईंच्या पाठीला घाम सुटला होता, पण मन स्वच्छ होतं. जमलं, तिला वाटलं. मग ती ठरल्याप्रमाणे बाहेर बाकावर जाऊन बसली आणि चित्रकलेच्या बाई आत गेल्या.

अर्धवट उघड्या दारातून तिला दिसत होतं. चित्रकलेच्या बाई कागद वाचत होत्या आणि हातांनी भुवईला सांगत होत्या. भुवईचं डोकं हलत होतं: बरोबर, बरोबर. मग हललं नाही. तिने चित्रकलेच्या बाईंना ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा बघून तिने मान नकारार्थी हलवली, आणि दाराकडे वळून बाईंना आत यायची खूण केली.

कागदावर लिहिलं होतं, पहिल्या वेळी काकांकडून सांगण्यात चूक झाली. हवालदार म्हणाला, बाई, तुम्ही जे बोललात तेच मी लिहिलंय. तेच होतं. तिला आता आपला आवाजसुद्धा आठवला, तो शब्द उच्चारतानाचा, आणि उच्चारताना आपली नजर भुवईच्या वडिलांच्या खाली गेलेल्या मानेवर होती हेसुद्धा आठवलं. एवढं जपून, एवढं तळहातावर धरून आणलं, आणि तरी तेवढे थेंब सांडलेच. "मी चूक म्हटलं नव्हतं," भुवई हातांनी म्हणाली. रागाने नाही, गणितात मुलाचा हातचा राहिला तर बाई दाखवून देतात तसं. आणि तिने ती खूण पुन्हा केली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

तिला वाटलं होतं की आता शरमेने जमीन दुभंगावी असं होईल. तसं झालं नाही. झालं ते इतकं वेगळं की ती क्षणभर गोंधळली. टाचा उंच करून उभी असताना मागून कुणीतरी पायाखाली पाट सरकवावा, तसं झालं. ती खिडकीशी एकटी नव्हती. चुकलं तर धरणारं कुणीतरी होतं, आणि ज्याला सांभाळायचं असं इतकी वर्षं वाटत आलं तेच माणूस धरत होतं.

ती हवालदाराकडे वळली. "माझं चुकलं," ती म्हणाली. "ती म्हणालीय, काकांनी खोटं सांगितलं."

हवालदाराचं पेन उचललं गेलं आणि तसंच हवेत थांबलं. त्याने मुलीच्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी लेकीच्या हातांकडे बघितलं. ती खूण त्यांना येत नव्हती, त्यांनी ती मांडीवर स्वतःच्या बोटांनी करून बघितली, अडखळत, चुकीची. भुवईने पुढे वाकून त्यांचं बोट धरलं आणि सरळ केलं. मग ते हवालदाराला म्हणाले, "ती म्हणते तसंच लिहा."

हवालदाराने जुना शब्द खोडला आणि नवा लिहिला. चित्रकलेच्या बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्या पुढचं वाक्य सांगायला लागल्या.